सतरावा

ऑगस्टात कोल्ड स्टोरेज निम्मं रिकामं असतं.
राहिलेला बेदाणा तीन नंबरच्या चेंबरात
आणि बाहेर केबिनमध्ये आम्ही दोघं,
मी ऑपरेटर, दस्तगीर मुलाणी वॉचमन.
कॉम्प्रेसर सुरू झाला की कॉमेंट्री बुडते,
म्हणून फुटबॉल आम्ही शिकलो तो मुकाच.

संघ काही आम्ही निवडला नाही.
मिरजेच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यातनं
दस्तगीरनं साठ रुपयांना जर्सी उचलली.
पाठीवर पाच नंबर, नावातलं शेवटचं 'सन' तेवढं उरलेलं.
त्याच्या रुबिनानं फोनवर शोधून सांगितलं :
अब्बा, हा माणूस कवाच खेळायचा थांबलाय,
पण त्याचा संघ आहे, यंदाच वर आलाय.
समुद्राकाठचं गाव. मासळी आणि पाऊस.
नाव आमच्या जिभेला वळेना,
नुसतं 'आपलं गाव' म्हणायला लागलो. तेच राहिलं.

वीस संघ, अडतीस सामने, तळातले तीन खाली जाणार.
एवढा कायदा कळायला एक कप चहा पुरला.
सतरावा म्हणजे राहिला, अठरावा म्हणजे गेला.
वर कप कोण उचलतं
ते एक्स्पोर्टवाल्यांनी बघावं.

ऑक्टोबर सरता सरता तिकडं घड्याळं तासभर मागं गेली.
साडेबाराची मॅच दीडला.
तासगावात घड्याळ होतं तिथंच.
"तो तास ह्यांनी ठेवला कुठं?" दस्तगीर विचारत राहिला.
मी लॉगबुकात लिहिलं : वाजले दीड,
तापमान चार, प्रेशर ठीक,
आणि कडेला बारीक पेन्सिलीनं, शून्य-तीन.

डिसेंबरात तर दर तिसऱ्या दिवशी खेळायचे बिचारे.
त्यांच्या तोंडातनं वाफ निघायची,
आमच्याही निघायची, चेंबरात शिरलो की.
गोलकीपरचा खांदा गेला, बदली पोरगा आला, एकोणीस वर्षांचा,
त्याचे हातमोजेच त्याच्यापेक्षा थोर वाटायचे.
पाच गोल खाल्ले त्यानं पहिल्याच रात्री.
दस्तगीरनं फोन पालथा घातला.
"ह्याची आई बघत असंल," म्हणाला.

मार्चात बेदाणा आला. फाटकापासून टेम्पोंची रांग,
पंधरा किलोचे बॉक्स, हमालांची ओरड,
सात सामने आम्हाला दिसलेच नाहीत.
सातांतले चार आपलं गाव जिंकलं.
एक बरोबरीत. नंबर सोळा.
आम्ही एकमेकांकडं बघितलं.
पनवती कोण होतं ते दोघांनाही कळलं होतं.

त्या रात्री ठरलं : आता बघायचं नाही.
रुबिना सकाळी निकाल सांगेल, तेवढाच ऐकायचा.
एप्रिलात समोरच्या बागेची खरड छाटणी झाली,
नुसती खोडं आणि तारा.
आम्ही तिकडं बघत बसायचो, मॅचच्या वेळेला.

मे महिन्यातला शेवटचा रविवार.
सगळे सामने एकाच वेळी. आपल्याला बरोबरी पुरे.
दस्तगीर पाठमोरा, जर्सी घालून, फाटकाशी.
मी चेंबर दोनचं तापमान घ्यायला आत गेलो
आणि खिशातनं फोन काढला.
एक-एक. सत्त्याऐंशी मिनिटं. चेंडू हवेत.
तिथंच चित्र गोठलं.
आत रेंज नसते, हे मला
बारा वर्षं माहीत आहे.

चेंडू किती वेळ तसाच होता सांगता येत नाही.
बॉक्सच्या थप्प्या, पिवळा दिवा, माझी वाफ,
आणि तो पोरगा, हात वर केलेला.
बाहेर आलो तेव्हा एक-दोन झाले होते.

सकाळी रुबिनाचा फोन आला. अठरावा.
दस्तगीरनं चहा ओतला, बशी माझ्याकडं सरकवली.
"बघितलं नाही तरी गेलंच की," म्हणाला,
"म्हणजे आपला काही दोष नव्हता बघ."
समोर बागेत फुटव्यांचे शेंडे मारायला बायका आल्या होत्या.
मी लॉगबुक उघडलं. चार. ठीक.
पेन्सिल सापडत नाही म्हणालो.

ती माझ्या कानावरच होती.