खर्चाचा रकाना

दत्तवाडीच्या उतारावर आमचा फळा आहे,
चार बाय सहा, वर पत्रा.
रोज सकाळी सात वाजता ओल्या फडक्याने
मी कालचा दिवस पुसतो.

परवा लिहिलं होतं:
म्हसोबा गल्लीचं ड्रेनेज अखेर झालं.
उज्ज्वलाताई पासलकर दोन रात्री स्वतः उभ्या होत्या.
एवढंच. खडू पांढरा, फक्त नाव पिवळ्यात.

दुपारी मुजावर आले, निवडणूक खर्च विभागातून,
पोरसवदा माणूस, हेल्मेट काखेत.
आधी फळ्याचा फोटो काढला, मग माझा.
म्हणाले, काका, हे कुणाच्या खर्चात धरायचं?

त्यांच्याकडे दरपत्रक होतं, तीन पानी, पिन मारलेलं.
चहा दहा. वडापाव पंधरा.
प्लास्टिकची खुर्ची, दिवसाला सात.
फेटा, बांधणावळीसकट.
ढोल वेगळा, ताशा वेगळा.
मी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिलं,
वाक्य कुठेच नव्हतं.

खडू किती लागला?
दीड कांडी.
मजुरी?

मजुरीचं मला नका विचारू, साहेब.
तीस वर्षं भिंती रंगवल्यात मी,
स्क्वेअर फुटाला साडेतीन रुपये, चुन्याचा हात वेगळा.
ढमढेऱ्यांचं नाव इतक्यांदा काढलंय
की झोपेतही बोटं ढ वळवायची.
त्यांना मत मात्र एकदाही दिलं नाही.
तेव्हा कुणी आलं नाही विचारायला,
काका, तुम्ही लिहिताय ते तुम्हाला पटतं का?
आता पटतं ते फुकट लिहितो,
तर पावती मागता.

मुजावर बसले. तांब्याभर पाणी प्यायले.
वाईट माणूस नाही.
म्हणाले, समोरच्यांची लेखी तक्रार आहे.
तुमचं फुकट म्हणजे त्यांच्या हिशेबात देणगी.
ह्या उतारावरून दिवसाला चार हजार माणूस जातं,
एवढ्या जागेचं होर्डिंग काय पडतं, ठाऊक आहे?
आणि मग पेनाचं टोपण काढत, सहज:
बाईंकडून काही मिळालं?
काही म्हणजे काहीही.

नाही म्हणालो.
म्हसोबा गल्लीत तिसरं दार माझं,
हे काही बोललो नाही.

त्यांनी बराच वेळ कागदाकडे पाहिलं,
मग लिहिलं: अंदाजे मूल्य, रुपये बारा.
सही केली मी.
आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या बिलात
घासाघीस करावीशी वाटली नाही.

पण मुजावर, तुम्ही एक विचारलं नाहीत.
ओढ्यालगतच्या सोळा घरांना नोटिसा आल्या,
तेव्हा ताईंचा फोन नऊ दिवस बंद होता.
माणसं त्यांच्या जिन्यात बसून होती, डबे घेऊन.
त्या नऊ दिवसांत फळ्यावर काय होतं, सांगू?
रक्तदान शिबिर.
दहावीत पहिली आलेली कांबळ्यांची मुलगी.
सुविचार, दोनदा.
हरवलेलं मांजर, पांढरं, शेपटीला काळा ठिपका.
सगळं खरं. एक अक्षर खोटं नाही.
मोकळी जागाही उरली होती खाली,
चांगली वीतभर.

त्या वीतभर काळ्याचा दर काय?
तो कुणाच्या रकान्यात?
खडू तर लागलाच नाही.

त्या सोळांतला एक दशरथ नेटके,
रोज सकाळी कामाला जाताना सायकल टेकवून
फळा वाचतो, वरपासून खालपर्यंत.
त्या नऊ दिवसांतही वाचायचा.
मांजराचंही वाचलं. काही बोलला नाही.

आज सातला फळा पुसला.
फडकं पिळलं. पाणी पांढरट, जरासं पिवळं.
दशरथ येऊन उभा आहे, एक पाय पेडलवर.
म्हणाला, काय काका, आज काय विशेष?

थांब, म्हणालो.
ओला आहे अजून. ओल्यावर उमटत नाही.