मीडियम वेव्ह, रात्री

आधी नुसता खांब होता.
उम्म अल कुवैनच्या खोरापाशी, तिवरांच्या मागे
एकशे दहा मीटर लोखंड,
पायथ्याशी पत्र्याची केबिन,
आणि केबिनीत मी, हमदुले, मुक्काम वेलदूर,
व्हॉल्व्ह तापायची वाट बघत.

पहाटे कुराण. मग होड्यांसाठी वाऱ्याची खबर,
खजुराचा भाव, हरवलेल्या उंटिणीचं वर्णन:
डाव्या कानाला चीर, हाक मारली की वळते.
दुपारी केंद्र झोपायचं. खरंच झोपायचं.
साहेब बटण बंद करून घरी मासे खायला जात
आणि गावाला त्यात काही वावगं वाटत नसे.

संध्याकाळचा तास परदेशी माणसांचा.
बिल्किस आपा उर्दूतून फर्माइशी वाचायच्या,
कुंजप्पन मल्याळीतून घरून आलेल्या तारा,
शुक्रवारी साडेनऊला अर्धा तास मराठी,
कारण साहेबांचा ड्रायव्हर मालवणचा होता.
तेवढंच कारण.

मराठी निवेदक सतरा बदलले.
एक रंगाच्या दुकानातला,
एक मयतांची कागदपत्रं करून देणारा,
एक नर्स, जिला हवामान वाचताना हसू यायचं.
मी कधी बोललो नाही. माझा पगार तारांचा होता.
फक्त लाल दिवा लागला की
माइकच्या जाळीवर बोटाने दोनदा वाजवायचो.
टक टक.
नियमात नव्हतं.

दिवसा मीडियम वेव्ह अजमानपुढे धापा टाकते.
अंधार पडला की तीच समुद्र ओलांडते.
हे पुस्तकात आहे, पण मला जैबुनच्या पत्रातून कळलं.
थंडीत, वारा पडलेला असला की
ती पडवीत रेडिओ कानाला लावायची:
खरखर, मध्येच कराची,
मध्येच कुणीतरी कुणावर तरी रागावलेला,
मग टक टक.
लिहायची, ऐकलं. बरे आहात.

मग एफएम आलं.
आवाज काचेसारखा,
पोच तिसऱ्या राउंडअबाउटपर्यंत.
दोन वर्षं चोवीस तास मल्याळी,
मग हिंदी, मग हिंदीत इंग्रजी,
मग सकाळी दोन पोरं लोकांना खोटे फोन करून रडवायची
आणि स्वतः हसायची.
बैरूतहून सल्लागार आला, भिंतीवर तक्ता लावला:
आपला श्रोता पंचवीस ते चौतीस, स्वतःची गाडी असलेला.
मी एक्कावन्नचा, सायकलवाला,
तक्त्याला खिळे मीच ठोकले.

बिल्किस आपांना केक कापून निरोप दिला.
शुक्रवारचा अर्धा तास आधी पंधरा मिनिटांचा झाला,
मग एका फ्लॅट विकणाऱ्या कंपनीचा.
शेवटी दुबईहून एक पेटी आली,
तिच्यात सहा महिन्यांची गाणी, हशा, वेळ, सगळं भरलेलं.
पेटीला एकच भीती, शांततेची.
आठ सेकंद काही वाजलं नाही
तर ती भोंगा करून मला उठवायची.
दुपारी झोपणारं ते केंद्र
आता झोपेला घाबरत होतं.

खांब विकला किलोवर.
कापताना तो आडवा पडला तेव्हा
तिवरांतले बगळे उडाले, आणि परत येऊन बसले.

घरी आलो. नात म्हणाली, आजोबा, ते स्टेशन फोनवर लागतं,
जगात कुठेही.
लागलं. स्वच्छ. पेटीच बोलत होती.
जैबुनने थोडं ऐकलं आणि म्हणाली,
हे कुणी चालवत नाही वाटतं.

त्या रात्री जेवताना सहज सांगितलं:
सत्त्याऐंशी साली मुतखड्याने इस्पितळात होतो,
दोन शुक्रवार. तुला कळवलं नव्हतं.

ती म्हणाली, दोन्ही शुक्रवारी ऐकलं की मी.

कुंजप्पन असता तर विचारलं असतं.
तो चार वर्षांपूर्वी त्रिशूरला गेला.
जैबुनला विचारता येईल,
ती समोरच बसली आहे,
बांगड्याचा काटा काढून
माझ्या ताटात मांस सरकवते आहे.