केळ्याएवढं

डॉक्टरांनी कागदावर जठर काढलं,
त्यात उभी रेघ ओढली.
"एवढं कापायचं. उरेल ते केळ्याएवढं."
मी सावद्याची. विचारणार होते,
कोणतं केळं? बसराई की ग्रँड नैन?

बीएमआय एकतीस.
"तुम्ही अगदी काठावर आहात," म्हणाले,
"बघा, तुमचं तुम्ही ठरवा."

तापीच्या पुलावर हे गाडी हळू करत म्हणाले,
"जाड कुठं आहेस तू?"
ब्लाउज उसवताना यांना कुणी विचारत नाही.

गुडघे ठीक. साखर जेमतेम.
फक्त लग्नाच्या फोटोंत मी मागच्या रांगेत,
आपणहून.

फॉर्म मिक्सरखाली दाबलाय, सहीची जागा कोरी.
रात्री फणीतलं एक केळं तोडलं,
पोटावर आडवं ठेवून बघितलं,
मग उभं.
मग सोलून खाल्लं,
सावकाश.