किलवर सत्ती

दाऊद मुकादमांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं
त्याला आता दोन वर्षं होतील.
तेव्हापासून तो हात त्यांच्या मांडीवर असतो,
दुसऱ्या कुणाचं सामान सांभाळायला घेतल्यासारखा.

दाभोळच्या धक्क्यावर माझी तिकिटांची खिडकी.
मोटारसायकलचं गुलाबी, माणसाचं पिवळं.
संध्याकाळची गर्दी पलीकडे उतरली की
ते बाकावर येऊन बसतात,
उजव्या हाताने खिशातून कॅट काढतात,
म्हणतात, "पड्याळबाई, हात पुसा."

मासळीचा वास चालतो पानांना,
ओल चालत नाही.
इथल्या हवेत पापड मऊ पडतात, दारं फुगतात,
बावन्न पानं तेवढी कोरडी कशी राहतील?
म्हणून कॅट रात्री तांदळाच्या डब्यात,
आणि माझ्या बोटांना पावडर,
नातवाच्या बारशाला आलेल्या डब्यांतली.

युक्ती दोन हातांची.
एक त्यांचा, एक माझा.
मी त्यांच्या डाव्या बाजूला बसते
आणि माझा डावा उसना देते:
पैसे मोजणारा नव्हे,
नुसता गल्ला दाबून धरणारा अडाणी हात.

समोर किलवर सत्ती.
सगळ्यांत मागे बदाम राणी.
ते तिला मागून बोटाच्या पेराने
केसभर पुढे सारतात,
माझा तळवा वरून जातो,
जाताजाता तिला अंगठ्याच्या मुळाशी घेतो
आणि सत्तीवर निजवतो.
सांगायला एवढंच.

आषाढभर राणी पडली.
बाकाखाली, चिखलात, एकदा थेट खाडीत.
फेरीबोटीवरच्या पोराने बादलीने वर काढली,
म्हणाला, "बाई, तुमचं माणूस बुडत होतं."
तेव्हापासून तिच्या पाठीला थोडं पोक आहे,
आणि तेच पोक तळव्याला बरोबर सापडतं.

मुकादम रागावत नाहीत.
बत्तीस वर्षं जहाजावर खानसामा होते,
हलत्या चुलीवर आमटी कशी उतू द्यायची नाही
हे त्यांना ठाऊक.
"घाई केली की राणीला कळतं," एवढंच.

घरी कपाटाच्या आरशासमोर
दोन्ही हात माझेच घेऊन बसायची.
एका रात्री जमलं!
सत्ती होती, राणी झाली, मधलं काही दिसलंच नाही.
ह्यांना हलवून उठवलं.
हे म्हणाले, "दिसलं की. सगळंच दिसलं,"
आणि कूस वळवून झोपले.

दुसऱ्या दिवशी मुकादमांनी करून दाखवायला सांगितलं.
हाताकडे बघितलंच नाही त्यांनी,
माझ्या तोंडाकडे बघत राहिले.
"डोळा मिटता तुम्ही. नेमका त्या घडीला.
सगळेच मिटतात.
आपल्याला आपली लबाडी बघवत नाही, बाई,
आरसा बिचारा काय करील?"

मग मी शोधत राहिले,
आणखी कुठे कुठे मिटतो हा डोळा.
सुट्टे नाहीत म्हणते तेव्हा.
आणि मुकादम बाकावरून उठायला लागतात,
एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जोर करतात,
तेव्हा मी खिडकीत
आधीच मोजलेली तिकिटं मोजते.

नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी
वारा समोरून, डोळ्यांत खार.
पाणी आलं तरी उघडे ठेवले.
तळवा फिरवला.
मला सगळं दिसलं:
त्यांच्या पेराने दिलेला रेटा,
राणीचं पोक, माझ्या अंगठ्याची थरथर,
नखात अडकलेला गुलाबी कागदाचा तुकडा.
जादू म्हणावी असं माझ्या वाट्याला
काही म्हणजे काही उरलं नाही.

आणि त्यांची,
ज्यांनी स्वतःच राणी मागून सारली होती
त्यांची पापणी लवली.

धोपाव्याकडून शेवटची फेरी निघाली होती.
भोंगा झाला.
मी गल्ल्याची किल्ली शोधायला उठले.

एकाच माणसाला एकच युक्ती
दोनदा दाखवू नये,
हा पहिल्या दिवसाचा धडा त्यांचाच.

"परत," ते म्हणाले.