टर्पेंटाइन

इतवारीत माझ्या स्टुडिओतली वीज गेली
की वाळ्याचा वास थोडा वेळ तसाच उभा राहतो.
अशाच एका मे महिन्यातल्या दुपारी
नंदनवारांची कुंदा आली, पेपरात गुंडाळलेला फोटो घेऊन.
म्हणाली, "काका, हे माही माय नोहे."

फोटो माझाच. मागे शिक्का, साल चौऱ्याऐंशी.
चेहराही माझाच म्हणायचा,
देवीच्या वणांनी भरलेले गाल
मी तीन रात्री बसून बुजवले होते.
पेन्सिलीचं टोक पॉलिशपेपरवर सुईसारखं करून,
निगेटिव्हमागे दिवा, डोळ्याला भिंग,
खड्ड्यात ठिपका, ठिपक्याला चिकटून ठिपका.
निगेटिव्हचा न्याय उलटा असतो:
काळं भरत जावं, कागदावर गोरं उतरतं.

मला कोणी सांगितलं नव्हतं.
भिलाईला नवऱ्याकडे पाठवायचा आहे, एवढंच ती बोलली होती.
न्यायला आली तेव्हा बराच वेळ बघत राहिली.
"कोन व्हय जी हे?" म्हणून हसली,
पदराची गाठ सोडून आठ रुपये दिले.
ते हसणं मी शाबासकी समजलो.

"हार घातला तर पोट्टे विचारतात, हे कोनती आजी?
तिच्या गालावर बोट फिरवत झोपायचो आम्ही.
मले ते वण पाह्यजेत."

माझा लेक म्हणाला, कॉम्प्युटरवर टाकू, दोन मिनिटांत.
कोणाच्या गालावरचे टाकशील रे?

पत्र्याच्या पेटीत, वाळवीनं अर्ध्या खाल्लेल्या वहीखाली
निगेटिव्ह सापडली.
कापसाला टर्पेंटाइन, हात हलका.
शिसं सुटलं. कापसावर आली
तीन रात्रींची करडी धूळ.
खिडकीशी धरली, तर गालभर
उजेडाची बारीक भोकं,
एकूणएक, जागच्या जागी.

कुंदा रडली नाही.
मोजत असल्यासारखी बघत राहिली.
मग म्हणाली, "अन् कानाजवळची पांढरी बट?"

ती मी पात्यानं खरवडली होती.
पेन्सिल पुसता येते.
एकतीस वर्षांची बाई, मला वाटलं,
एवढ्या लवकर पांढरं कशाला.

वीज आली. कूलर आधी खोकला, मग लागला.
प्रिंट संध्याकाळी ने, म्हणालो.

ती गेल्यावर बाहेर येऊन पाटीकडे पाहिलं.
'येथे फोटो गोरा व सुंदर काढून मिळेल.'
अक्षरं माझ्याच हातची,
उन्हानं पापुद्रे सुटलेली, तरी वाचता येतात.
शिडी कोणाकडे आहे, विचारायला हवं.