दोनदा वळलेली मान

एकतीस वर्षं मागावर काढल्यावर
नान्नाच्या कानांत फक्त खटखट उरली,
तीसुद्धा बाहेरची नव्हे.
शेडमध्ये सगळेच ओठ वाचत.
जॉबर शिवी देतोय की चहा विचारतोय
हे चाळीस फुटांवरून कळायचं.
तेलुगू ओठ, मराठी ओठ, कानडी ओठ,
तिन्ही वेगळे मुडपतात, म्हणायचा.

बिराजदार सरांनी कन्ना चौकापलीकडच्या हॉलात
जुना जर्मन मूकपट लावला, त्या रविवारी
मी त्याला स्कूटीवर मागे बसवून नेलं.
पेटीवाला आलाच नाही.
चौदा माणसं, त्यातली दोन पंख्यासाठी आलेली.
भिंतीपलीकडे कुणाचे तरी आठ माग चालू होते,
तेच संगीत.
नान्नानं बाकावर तळवा टेकवला
आणि तळव्यानं ऐकत बसला.

गोष्ट एवढीच:
गावातले दिवे लावणारा एक म्हातारा,
त्याची शिडी, त्याची काठी.
एक दिवस तारा येतात,
नगरपालिका शिडी जमा करून घेते.
मध्ये एकही पाटी नाही, अक्षर नाही.
रस्ते कापडावर रंगवलेले,
घरं पुढे झुकलेली, कानात काही सांगायला आल्यासारखी,
सावल्यासुद्धा ब्रशनं काढलेल्या,
म्हणजे दिवा विझला तरी सावली जागची हलत नाही.

मी त्याच्या तळहातावर बोटानं लिहायला लागले,
बर्लिन, शंभर वर्षांपूर्वी
आगु, म्हणाला. माझी बोटं मिटवली.

म्हातारा शिडी चढला तेव्हा
चित्रही चढलं त्याच्याबरोबर,
एकेक पायरी, दम खात.
मग शिडी गेल्यावर, सवयीनं,
तो नुसत्या हवेत पाय टाकतो
आणि अख्खी गल्ली हिंदकळते,
तळ्यात दगड टाकला की सिद्धेश्वराचं देऊळ हिंदकळतं तशी.
नान्ना मोठ्यानं बोलला
(त्याला आपल्या आवाजाचा अंदाज नाही):
"कॅमेरा कुणाच्या तरी छातीला बांधलाय बघ!
श्वास घेतोय तो!"
पुढच्या रांगेतल्या बाई वळून बघायला लागल्या.

म्हाताऱ्याचे ओठ एकदाच हलतात, शेवटच्या खांबापाशी.
सरांनी नंतर विचारलं, काय म्हणाला असेल?
कुणी म्हणालं बायकोचं नाव, कुणी प्रार्थना.
मी नान्नासाठी प्रश्न ओठांवर पुन्हा मांडला.
"मोजतोय की ओ," तो म्हणाला.
"एकशे बारा, एकशे तेरा. आपले दिवे."
जर्मन येतं का तुम्हाला?
"मोजताना सगळ्यांचे ओठ सारखेच."

घरी अम्मा विड्या वळत होती, सूप मांडीवर.
नान्ना आता जकार्डची कार्डं शिवतो, नगावर पैसे.
चप्पल न काढताच त्यानं कोपऱ्यातली माळ उचलली,
बल्बपुढे धरली आणि ओढू लागला.
भोकांतून उजेडाचे ठिपके
भिंतीवरून, कॅलेंडरवरून, अम्माच्या गालावरून चालले.
"मला पान दिसेना. बाजूला हो."
"यात मोर आहे."
"असेल."
"दिसत नाही पण. दोरा लागतो त्याला."
मग बराच वेळ तो बल्बकडेच बघत राहिला.

दोन आठवड्यांनी कारखान्याचा माणूस चादर घेऊन आला,
दारातच उलगडली.
चाळीस कार्डं जादा निघाली होती,
हातानं भोकं पाडून माळेत शिवलेली,
आणि काठावरच्या प्रत्येक मोराची मान
एकदा वळून, तिथंच, जरा पुढे,
पुन्हा वळत होती.
चूक झाली का, मी विचारलं.
त्यानं माझ्या ओठांकडे बघितलंच नाही.
चारशे रुपये कापले. चादर आमच्याच गळ्यात.

अंगाला टोचते, लाल रंग पहिल्या धुण्यात सुटला,
तरी पाहुण्यांना आम्ही तीच घालतो.
परवा बहिणीचं पोर तिच्यावर रांगत होतं,
काठाशी थांबलं,
मोरावर बोट ठेवून काहीतरी पुटपुटलं.
आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही,
कुकरची शिट्टी चालू होती.
दारातून नान्ना म्हणाला,
"हलला, म्हणतोय."