चौकट

मंगळवारी अकरा वाजता ब्राइस येतो,
माल्पिकाच्या दवाखान्यातला पोरगा,
आणि धक्क्यावरच्या आम्हा सात जणींना
जाळ्यांवरून उठवतो.
उठताना हाडं बोलतात.
एर्मितास म्हणते, माझी जरा जास्तच बोलकी, नवऱ्यावर गेलीत.

शेडच्या दाराशी रांग.
कोपरं खांद्यांच्या रेषेत, हात चौकटीला टेकवून,
एक पाय उंबऱ्याच्या पलीकडे.
"आता नुसतं पुढे झुका. ढकलायचं नाही.
ताणेल तिथं थांबा, दुखेल तिथवर जाऊ नका.
तीस मोजा. श्वास कोंडू नका."

तीस.
तेवढ्यात माझ्या चार गाठी मारून होतात.

एकेचाळीस वर्षं मी अशी बसलेय:
अंगठ्यात अडकवून जाळं ताणायचं,
मान खाली, खांदे पुढे,
सुई आत, सुई बाहेर,
सार्डिनसाठी बारीक डोळा.
ताण सगळा जाळ्याला गेला,
माझ्याकडे आखडणं राहिलं.

ब्राइस खांद्याच्या पुढे, हाडाखाली बोट टेकवतो.
"इथं गाठ आहे, दिग्ना."
गाठी आम्हाला काय दाखवतोस, बाळा!

पण ही सुतळीची नव्हे.
ही बाराव्या वर्षाची.
फ्रॉक छातीवर घट्ट व्हायला लागला होता.
आई डोक्यावर मासळीची टोपली घेऊन पुढे चालली होती,
ताठ, मान न हलवता,
मागे वळूनही न बघता म्हणाली,
"खांदे आवर. माणसं बघतायत."
(तिला ताठ चालायची मुभा होती,
डोक्यावर ओझं होतं ना.)
मी आवरले.
सोड आता, असं पुढे कुणी म्हणालंच नाही.

"तीस झाले की कधीच," मागून एर्मितास,
"चौकट काय तुझ्या बापाची आहे?"

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात
मी पुन्हा हात टेकवले.
बटाटे शिजत होते.
एकवीस आकड्यांवर अन्तीया शाळेतून आली,
माझी नात, दप्तर छातीशी कवटाळून.
"आजी, हे काय?"
"दार मापतेय."
तिनं खांदे मिटले, वाकली,
माझ्या काखेखालून निसटायला निघाली.

"वाकू नकोस," मी म्हणाले,
"थांब, मी हात काढते."
अजून नऊ उरले होते.